मधलं माणूस

आमच्या थोरल्या भावजींना माझ्याशी काही बोलायचं असलं की ते मांजराशी बोलतात.

"बेक्कू, सारात मीठ कमी पडलंय म्हणून सांग की," असं मधल्या खोलीत पाटावर बसून ते मांजराला म्हणतात. बेक्कू म्हणजे कन्नडमध्ये मांजरच. त्याला वेगळं नाव कुणी ठेवलं नाही. मांजर डोळेसुद्धा उघडत नाही. मी स्वयंपाकघरात सगळं ऐकलेलं असतं. मिठाची वाटी उंबऱ्यावर ठेवते आणि मागं सरते. भावजी उठून वाटी घेतात आणि मांजराला म्हणतात, "आयतु." म्हणजे झालं, भागलं. हा त्यांचा आवडता शब्द.

मांजर हिंडायला गेलेलं असलं तर कुकर, कुकर नसला तर देव. एकदा देवघरासमोर हात जोडून ते मोठ्यानं म्हणाले, "देवा, उद्या दूधवाला येणार नाही म्हणे. आजचंच थोडं राखून ठेवायला पाहिजे." देवाला ते ठाऊक असणारच. मला नव्हतं.

कुणाला वाटेल आमचं भांडण आहे. तसं काही नाही. या घराण्यात जुनी रीत होती, की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही आणि दिरानंही तिच्याशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते मधल्या माणसाकडून. माझं माहेर निपाणीकडचं, तिथं असलं काही नव्हतं. लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला हे समजावलं. मी मुळातच कमी बोलणारी. मला ते जड गेलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस तरी असं आहे ज्याच्याशी बोलावं लागणार नाही.

पुढं गल्लीतल्या इतर घरांतून ही रीत गेली. आता तर सुना दिराकडं हात पुढं करून स्कूटरची किल्ली मागतात. आमच्या घरात ती राहिली, कारण भावजींनी ती सोडली नाही.

आधी सासूबाई मधलं माणूस होत्या. त्या गेल्या, मग आमचे हे. हे गेले तेव्हा चैत्रा, माझी मुलगी, चार वर्षांची होती. तेराव्याचे पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, आणि भावजी अंगणात बसून त्या पोरीला म्हणाले, "चैत्रा, अम्माला सांग, रेशन संपलंय का बघून सांग म्हणावं." ती दुडदुडत आत आली आणि कमरेवर हात ठेवून, अगदी त्यांच्यासारखा आवाज काढून म्हणाली, "रेशन संपलंय का बघून सांग म्हणावं." त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

तेव्हापासून ती आमचं मधलं माणूस. आमच्या घरात मराठी बोलतात, पण अर्धी कन्नड. मला ती अम्मा म्हणते आणि भावजींना दोड्डप्पा, म्हणजे थोरले वडील. मोठी होत गेली तशी ती निरोपात आपलंही काही मिसळायला शिकली. "दोड्डप्पा म्हणतात, आज शिरा कर." मी शिरा करायची. भावजींच्या पुढं वाटी गेली की ते चकित होऊन म्हणायचे, "आज काय सण?" चैत्रा आपली वाटी चाटत बसायची. हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

एकदा ती शाळेत गेली होती. मी चुलीपाशी वाकले होते, तेव्हा आमच्याकडं मागल्या अंगणात रंगाच्या पाण्यासाठी मोठी चूल होती. भावजी दोरीवर ओढण्या वाळत घालत होते. अचानक ते ओरडले, "बेक्कू! पदर! पदर!" मी खाली बघितलं तर माझ्या पदराचं टोक धुमसत होतं. बादली हाताशी होती म्हणून निभावलं. तेव्हाचं मांजर घाबरून भिंतीवर चढलं आणि संध्याकाळपर्यंत खाली आलं नाही. भावजी बराच वेळ तिथंच उभे होते, हातातली ओढणी पिळत. ती कधीच पिळून झाली होती. पण त्या वेळीसुद्धा ते माझं नाव घेऊन ओरडले नाहीत.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. राजाच्या काळात इथं आलं म्हणतात, महाराष्ट्रातल्या कुठल्या गावातून ते आता कुणालाच ठाऊक नाही. बाकीच्या घरांनी दुसरे धंदे धरले. भावजींनी रंग सोडला नाही. विटलेली साडी, न जुळणारं अस्तर, लग्नातल्या ओढण्या घेऊन बायका अजून येतात. भावजींचे हात मनगटापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असतात. सोमवारी निळे, गुरुवारी डाळिंबी. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही ते मी विचारणं शक्य नव्हतं, आणि मांजराला त्यांनी कधी सांगितलं नाही.

कुठलाही कपडा ते एकदम बुडवत नाहीत. आतल्या शिवणीतून बोटभर चिंधी काढायची, ती आधी रंगात घालायची, सावलीत वाळवायची, मग गिऱ्हाइकाला दाखवायची. तिनं हो म्हटलं की मग साडी. "आधी चिंधी," असं ते प्रत्येकीला सांगतात. हा धंद्याचा नियम त्यांनी सगळ्या आयुष्यालाच लावला. तांदळाचं पोतं घ्यायच्या आधी मूठभर आणून शिजवून खातात. न्हावी बदलला तेव्हा त्याला आधी एका कानामागचेच केस कापायला सांगितले आणि दोन दिवस तसेच फिरले. माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या माहेरी अजून सांगतात. मुलगी पसंत आहे म्हणून निरोप आला, पण सोबत थोरल्या मुलाचं म्हणणं आलं, की मुलीच्या भावाला आधी दोन दिवस आमच्याकडं राहायला पाठवा. एकाच घरातला कपडा, स्वभाव कळेल. माझा भाऊ बिचारा म्हैसूरला येऊन दोन दिवस जेवला आणि झोपला. भावजींनी त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रंग उतरत नाही. आयतु." आणि माझं लग्न झालं.

हे सगळं सांगायचं कारण चैत्रा.

चैत्रा शिकली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. विद्यापीठात जायची तेव्हा जयलक्ष्मीपुरमला मैत्रिणीच्या खोलीवर अभ्यास करून अंधार पडायच्या आत परत यायची, आल्या आल्या दिवसभराचे निरोप इकडून तिकडं पोचवायची, मग हातपाय धुवायची. पुढं इथल्याच हेब्बाळला रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. कंपनीची बस कोपऱ्यावर येते. तिथं तिला आणखी शिकायची ओढ लागली. कापडाच्या रंगांवरच शिकायचं, तेही परदेशात. तिनं अर्ज केले, आणि या उन्हाळ्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक जर्मनी, एक ऑस्ट्रेलिया. खर्चाचं दोन्हीकडं कसंबसं सारखंच जमत होतं. जर्मनीचं शिक्षण दोन वर्षांचं, आणि तिला पाहिजे तोच विषय तिथं होता. ऑस्ट्रेलियाचं थोडं लवकर संपणारं, विषय जवळचा, पण तोच नव्हे. जूनच्या शेवटापर्यंत कुणातरी एकाला हो म्हणून कळवायचं होतं.

तिच्या मनात कुठं जायचं आहे हे मला न सांगताच कळत होतं. वर्षभर ती सकाळी उठून जर्मन भाषा शिकत होती. दोरीवर कपडे घालताना तिथले शब्द गाण्यासारखे म्हणायची. भावजी खाली बसून ऐकायचे आणि एखादा शब्द आपणही म्हणून बघायचे. त्यांच्या तोंडून तो निराळाच व्हायचा. ती खो खो हसायची.

तरी भावजी म्हणाले, "आधी चिंधी."

"देशाची चिंधी कुठून आणायची दोड्डप्पा?" चैत्रानं विचारलं.

"आणू की. त्यात काय."

पहिल्यांदा ते चौकशीला निघाले. चैत्राच्या कारखान्यातले सबनीस साहेब पुण्याचे, जर्मनीत काही वर्षं राहून आलेले. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडं गेले. चैत्रा बरोबर होती, तिनं आल्यावर सगळं मला करून दाखवलं.

सबनीस साहेब म्हणाले, "वा अण्णा, तुम्ही मराठी छान बोलता हो! कुठं शिकलात?"

भावजींना राग आला. "शिकायला काय? आमच्या घरात राजाच्या काळापासून हेच बोलतात. तुम्ही कधी आलात म्हैसूरला?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"मग तुम्हीच नवे."

साहेब हसले. चांगला माणूस. जर्मनीची शिस्त, गाड्या, बागा सगळं सांगू लागले. भावजींनी त्यांना मधेच थांबवलं. "ते असू दे साहेब. तिथं ऊन किती?"

"उन्हाळ्यात असतं. हिवाळ्यात बेताचंच."

"मग कपडे कशावर वाळतात?"

"घरातच. हीटर असतो."

भावजींचा चेहरा पडला. रंगवलेलं कापड हीटरवर, ही कल्पनाच त्यांना सोसवली नाही. उलट ऑस्ट्रेलियाचं ऊन त्यांनी टीव्हीवर क्रिकेटच्या सामन्यात बघितलं होतं. आपल्याकडं पहाट असताना तिथं लख्ख उजाडलेलं. "तिथं ओढणी तासात वाळेल," ते चैत्राला म्हणाले. ऑस्ट्रेलियाचा हा एक गुण त्यांनी मनात धरून ठेवला.

मग थंडीची चिंधी झाली. आइस्क्रीमचा घाऊक धंदा करणारा एक जण त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या थंडगार खोलीत भावजी चैत्राला घेऊन गेले. दोघंही मफलर गुंडाळून आत उभे राहिले. बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "काय नाही. स्वेटर लागेल." पोरीला काही झालं नाही. भावजी आठवडाभर शिंकत होते, आणि शिंक आली की माझी चाहूल घेऊन मांजराला म्हणत, "धूळ फार झालीय."

पण खरी चिंधी पुढं होती. ती त्यांनी मोठ्या विचारानं काढली.

"तू पंधरा दिवस टी. नरसीपूरला जाऊन राहा," ते चैत्राला म्हणाले. तिथं नदीजवळ आमची एक चुलत नणंद राहते. "तिथनं कामावर जा. घरी यायचं नाही. पहिला आठवडा तू जर्मनीत आहेस, दुसरा आठवडा ऑस्ट्रेलियात. तिथं तुला सवड असेल त्याच वेळी फोन करायचा. एरवी नाही."

"पण दोड्डप्पा, आता व्हिडिओवर कधीही बोलता येतं."

"कधीही म्हणजे? झोपेतसुद्धा?"

चैत्रानं माझ्याकडं बघितलं. तिला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. घरात मांजर सोडलं तर आम्ही दोघंच राहणार होतो.

भावजींनी गजराचं घड्याळ काढलं, चैत्राकडून जर्मनीची वेळ लावून घेतली आणि आपल्या पाटाजवळ ठेवलं. फुलवाली दारात येऊन वेळ विचारायची तर ते तिला जर्मनीची वेळ सांगायचे. ती दोन दिवस देवळात आरती संपल्यावर पोचली.

जर्मनीचा आठवडा कठीण गेला. तिथं ती सकाळी कॉलेजला निघायच्या आधी बोलू शकणार, तेव्हा इथं साडेअकरा. ती संध्याकाळी परत येणार तेव्हा इथं मध्यरात्र, आणि भावजी दिवे लागले की पेंगायला लागतात. म्हणजे दिवसातून एकदाच, जेवणाच्या आधी. फोन आला की भावजी भराभर सांगायचे. "अम्माला सांग, गॅसवाला येणार आहे. अम्माला सांग, निळी बादली घेऊ नको, त्यात रंग आहे." फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असायचा. मी चार हात लांब उभी. चैत्रा तिकडून म्हणायची, "अम्मा, ऐकलंस?" मी म्हणायची, "हो म्हणून सांग." ती म्हणायची, "हो म्हणते."

फोन बंद झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत घरात शब्द नाही. मांजर होतं, पण चैत्रा गेल्यापासून त्यानं शेजारी मुक्काम टाकला होता. तिथं मासे असतात. कुकरशी आणि देवाशी बोलणंही भावजींनी बंद ठेवलं होतं, चिंधीत खोट नको म्हणून. भाजी अळणी झाली तर ती अळणीच खाल्ली गेली. आणि त्याच आठवड्यात भावजींना ताप आला. दुपारी ते कधी आडवे होत नाहीत, त्या दिवशी झाले. खोकल्याच्या आवाजावरून मला कळलं. किती ताप आहे, डॉक्टरला बोलवू का, काहीच विचारता येईना. मी मिऱ्याचं सार केलं, त्यांच्या खोलीच्या दारात ठेवलं आणि झाकणी जरा जोरात आपटली. थोड्या वेळानं भांडं रिकामं दिसलं. रात्रीचं जेवणही तसंच झालं, झाकणीच्या आवाजावर. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला तेव्हा भावजी बसल्या आवाजात म्हणाले, "अम्माला सांग, कालचं सार चांगलं झालं होतं."

चैत्रा तिकडून एकदम म्हणाली, "सार? कशाला सार? कुणाला बरं नाही?"

"सुम्ने. सुम्ने केलं होतं," भावजी म्हणाले. उगीच केलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात घड्याळ ऑस्ट्रेलियाचं झालं आणि घरात उजाडल्यासारखं वाटलं. तिथं संध्याकाळी ती कॉलेजमधून घरी आली की इथं दुपारचे दीड-दोन, नेमकी आमची जेवायची वेळ. फोन पाटाजवळ उभा करून ठेवायचा. भावजी घास घ्यायचे आणि फोनला म्हणायचे, "मीठ." फोन म्हणायचा, "अम्मा, मीठ." मी उंबऱ्यावर वाटी ठेवायची. "ताक आहे का?" "अम्मा, ताक." जेवण संपेपर्यंत ती आमच्यात असायची, मैत्रिणीची, बॉसची, बसमधल्या भांडणाची गोष्ट सांगायची. हसताना भावजींना ठसका लागायचा. मांजरसुद्धा परत आलं.

"बघ," आठवड्याच्या शेवटी भावजी फोनला म्हणाले, "हा रंग बसला."

रविवारी ती बॅग घेऊन घरी आली. आल्या आल्या बेक्कूला उचललं, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "मी ठरवलं. ऑस्ट्रेलिया. उद्या कळवून टाकते."

"पक्कं?" भावजींनी विचारलं.

"पक्कं. तुमच्या मिठाची वेळ जुळते ना." ती हसली. भावजीही हसले. मग ती म्हणाली, "विषय काय, जवळपास तोच आहे." हे म्हणताना तिनं आमच्याकडं बघितलं नाही, मांजराकडं बघितलं. आमच्या घरात खरं सांगताना सगळे मांजराकडंच बघतात, पण हे तसं नव्हतं.

ती मैत्रिणीकडं गेली. भावजी मागल्या अंगणात आपल्या कामाला लागले. मला आतून ते दिसत होते. एक साडी रंगात होती आणि ते ती काठीनं ढवळत होते. ढवळता ढवळता थांबले. ओढ्याच्या काठी माणूस उभा राहतो तसे त्या पाण्याकडं बघत राहिले. साडी तशीच पाण्यात. इतका वेळ ती पाण्यात ठेवलेली मी कधी बघितली नव्हती. मग काठी टेकवून ते घरात आले. मधली खोली ओलांडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले आणि एक पाय आत टाकला.

मी विळीवर बीन्स चिरत होते.

"हे बघ बाई," ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. शेजारची कुणी आली असेल. मागं फक्त भांड्यांची मांडणी होती.

"तुलाच म्हणतोय."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मी डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघितलं.

"चैत्राला जर्मनीच पाहिजे. ठाऊक आहे ना तुला?"

मी मान हलवली.

"मग ती ऑस्ट्रेलियाला का चाललीय? आपल्यासाठी. ही दोन माणसं एकमेकांना मीठ कसं मागणार, याची तिला काळजी. म्हणून पोरगी देश निवडायला लागलीय." ते थांबले, दम घेतला. "मी मघापासून विचार करतोय, हे तुला कळवायचं कसं. तिच्याकडूनच निरोप द्यायचा, तर तिचीच गोष्ट तिच्या तोंडून कशी सांगायची? फोनवर नाही, मांजराकडून नाही. म्हणून आलो."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"तुझं काय म्हणणं आहे?" भावजींनी विचारलं. "पोर तुझी आहे."

मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी माझ्याकडं 'हो म्हणून सांग' आणि 'नको म्हणून सांग' एवढंच होतं. ते वाट बघत उभे राहिले. त्यांचे हात कोपरापासून खाली हिरवे होते, आणि ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

"जर्मनी," मी म्हणाले. आणि मग आणखी थोडं म्हणाले, "जाऊ दे तिला. तिथंच जाऊ दे."

"मला पण तेच वाटतं."

आता जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत.

"धाकटा गेला तेव्हा तू केवढी होतीस," ते म्हणाले. "आता चैत्रा आहे तेवढीच असशील. आई नव्हती. घरात तू, मी आणि ते एवढंसं पोर. मी बिनलग्नाचा. लोकांना सुम्ने बोलायला काय लागतं? म्हणून म्हटलं, मधे कुणीतरी असू दे. रीत आहेच, ती धरून ठेवू. सगळ्यांना दिसू दे, ऐकू जाऊ दे, की हा माणूस हिच्याशी बोलतसुद्धा नाही."

मी खालीच बघत होते.

"एकदा धरलं ते सोडायचं कधी, ते मला कळलं नाही," भावजी म्हणाले. "वर्षं गेली. आता मी म्हातारा. आता कोण काय बोलणार?"

मग ते बाहेर गेले. साडीला काय झालं ते मी बघितलं नाही.

या गल्लीत मी विधवा म्हणून इतकी वर्षं राहिले. नळावर, देवळात, लग्नाकार्यात माझ्याबद्दल कुणी एक वावगा शब्द काढला नाही. मला वाटायचं, इथली माणसं चांगली आहेत. चांगली आहेतच. पण रोज संध्याकाळी, दारं उघडी ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एक माणूस मांजराला "भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांग" असं म्हणत होतं, आणि ते कशासाठी, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं. लोक त्यांना हसायचे. चैत्राच्या मैत्रिणी हसायच्या. मीही आत तोंडाला पदर लावून हसलेली आहे.

विळी बाजूला सारून मी तिथंच बसले. सांडलेल्या शेंगा एकेक करून वेचल्या. मग उठून दिवा लावला.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. म्हणजे ती दोघं बसली, मी वाढत होते. चैत्रा कसल्याशा व्हिसाचं सांगत होती.

"चैत्रा," मी म्हणाले, "तू जर्मनीला हो म्हणून कळव. आम्ही ठरवलंय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"दोड्डप्पा आणि मी."

तिनं घास तसाच हातात धरला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. "तुम्ही दोघांनी? मधे कोण होतं?"

भावजी खाली मान घालून जेवत होते. चैत्रा काही विचारणार होती, पण तिचे डोळे भरून आले आणि तिनं तो घास कसाबसा तोंडात घातला.

भावजींच्या ताटातला भात संपत आला होता. मी पातेलं घेऊन पुढं झाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच तो नीट ऐकू आला नाही.

"भात वाढू?"

भावजींनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"थोडा," ते म्हणाले.